दर्शनी बाजूस सोपो

६ जानेवारी, सोमवार. सकाळी ६.४०
पत्र आलं. म्हणजे आलं होतं शनिवारीच, पण शालिनीने ते लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात ठेवून दिलं. एकतीस वर्षं संसार केला तरी या बाईला सरकारी लिफाफा ओळखता येत नाही. असो. 'नगर सौंदर्य सल्लागार समिती, तांत्रिक सदस्य.' बाजारात बंद पडलेल्या भातगिरणीच्या जागी पाच मजली हॉटेल येतंय. त्याचं डिझाइन तपासायचं. समितीत आम्ही तिघे. अध्यक्ष सतत फोनवर, डॉक्टर सतत दवाखान्यात. म्हणजे समिती मीच.

खाण कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात आयुष्य गेलं दुसऱ्यांच्या रेषा गिरवण्यात. माझं स्वतःचं म्हणून उभं राहिलं ते एकच, वजनकाट्याची केबिन. खाण बंद पडली तशी तिची जनेलं कोणीतरी तावदानांसकट काढून नेली. आता मरायच्या आधी या गावात एक तरी गोष्ट माझी उभी राहील.

संकल्प : रोज पाचला उठणे. स्केचबुक घेऊन बाजार फिरणे. तिसरा चहा बंद. मीटिंगमध्ये कमी बोलणे.

७ जानेवारी, मंगळवार
पाचला उठलो नाही. झोपेतही डोक्यात हॉटेलचं एलिव्हेशन चालू होतं, त्यामुळे ती झोप धरता येणार नाही. स्केचबुक सापडलं नाही. तिसरा चहा घेतला. संकल्प उद्यापासून, कारण उद्या बुधवार, बाजाराचा दिवस, जागेची पाहणी.

८ जानेवारी, बुधवार
पाहणी केली. साडेदहाला. गुडघा दुखतोय.

गिरणीच्या कुंपणाला लागून आठ मीटरचा पट्टा आहे. ना रस्ता, ना गिरणीचा. तिथे सात-आठ बायका भाजी घेऊन बसतात, त्यांत आमची कमलाक्षी. माझी धाकटी बहीण, सर्वण गावात दिलेली. नवरा गेल्यापासून सव्वीस वर्षं इथेच बसते. तांबडी भाजी, वाल, मिरच्या. घर त्यावर चालतं, आणि आता नात तनया कॉलेजला जाते तेही त्यावरच. मला बघून तिने पोतं झटकून जागा दिली. मी बसलो नाही, ऑफिशियल व्हिजिट होती. तिने विचारलं, हॉटेल आलं तरी आम्हांला बसायला मिळेल ना रे दादा. मी म्हटलं, समितीत कोण आहे? ती म्हणाली, तू. मग झालं तर, मी म्हटलं.

तिने वालाच्या शेंगांची पिशवी दिली. सदस्याने काही घ्यावं की नाही, याचा विचार करत घरी आलो. शालिनीने तोवर सोलायला घेतल्या.

१७ जानेवारी, शुक्रवार
पहिली मीटिंग. तीनची होती, पावणेपाचला सुरू झाली. डॉक्टर आले नाहीत. आर्किटेक्ट पणजीहून आला, गौरेश नावाचा. भाच्याच्या वयाचा, वाढला दुबईत. पडद्यावर हॉटेल दाखवलं. सगळी काच. आमच्या गावाच्या दुपारच्या उन्हात ही इमारत म्हणजे भट्टी, पण बोलायचं कोणी? मी चौदा मुद्दे लिहून नेले होते. चष्मा घरी राहिल्यामुळे नववा आधी वाचला, आणि तोच सगळ्यात उत्तम निघाला.

मी म्हटलं, गोव्यातल्या घराच्या दारात काय असतं? सोपो. बलकांवाची, म्हणजे दारापुढच्या पडवीची, दगडी बैठक. वाटेवरचा माणूस टेकतो, गप्पा मारतो, पाणी मागतो. हॉटेलच्या दर्शनी बाजूस, पुऱ्या रुंदीत, सोपो हवा. कोणीही बसावं, पाहुण्याने बसावं, बाजारच्या बाईने टोपली घेऊन बसावं. गौरेशने इंग्रजीत विचारलं की लॉबीमध्ये सोफे ऑलरेडी आहेत, आणखी कशाला? मला इतकं हसू आलं! बिचारा. मातीशी नातं तुटलं की असं होतं. अध्यक्ष फोनवरून हात हलवत म्हणाले, लिहून द्या, लिहून द्या.

फार थकलो. पण विजय.

१८ जानेवारी, शनिवार
सोपोचं ड्रॉइंग जोडायचं. प्लॅन, सेक्शन, एक छोटं दृश्य, त्यात बसलेली माणसं. दोन तासांचं काम. आज रविवार समजून आराम करतो, सोमवारपासून ताज्या हाताने.

२२ जानेवारी, बुधवार
कमलाक्षीला मुद्दाम जाऊन सांगितलं. म्हटलं, तुझं काम झालं, दर्शनी बाजूस सोपो लिहिलाय, पुऱ्या आठ मीटरला. तिच्या हातातली जुडी तशीच राहिली. मग हळूच म्हणाली, सोपो? आम्हांला? मी म्हटलं, तुम्हांलाच तर. तिच्या डोळ्यांत पाणी तरळलं. शेजारची बाबली मान फिरवून बसली, तीही हेलावली असावी. फार न बोलता निघालो. आपण उपकार केले असं माणसाला वाटू देऊ नये.

आज भाजी दिली नाही. गडबडीत विसरली.

३० जानेवारी, गुरुवार
ड्रॉइंगला सुरुवात. पेन्सिलींना टोकं काढली. एच, एचबी, टूएच, सगळ्यांना. मग ट्रेसिंग पेपर पिवळा पडलेला निघाला. असल्या कागदावर काम करणं हा विषयाचा अपमान आहे. साखळीला चांगला मिळतो म्हणतात.

३ फेब्रुवारी, सोमवार
साखळीला गेलो नाही. बसला गर्दी, गुडघा. शालिनी म्हणते, वहीच्या पानावर काढ की, दोन दगड आणि एक फळी. हिला काय कळणार! फळी नाहीच त्यात.

५ फेब्रुवारी, बुधवार
आज बाजारात गेलो नाही. बरं वाटत नव्हतं. तिसरा चहा हा औषध म्हणून घेतला, तो मोजत नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार
पालिकेतला क्लार्क निलेश घरी आला. मुलगा सज्जन, फक्त फार प्रश्न विचारतो. सर, शुक्रवारी फाईल जाणार, ड्रॉइंग जोडताय ना? मी त्याला शांतपणे समजावलं की चांगल्या शब्दाला चित्राची गरज नसते. त्याने पेन काढलं आणि पुन्हा विचारलं.

"सोपो म्हणजे सोपोच ना, सर? की थोडं खुलासेवार लिहू?"

मी म्हटलं, सोपो म्हणजे सोपोच. कंसात काहीही लिहायचं नाही. ज्याला सोपो कळत नाही त्याने गोव्यात ऑफिस थाटू नये. तो मान हलवून सही घेऊन गेला. ड्रॉइंग झालं नाही त्याची भरपाई म्हणून सही मी ड्रॉइंग ऑफिसच्या ठशात केली, प्रत्येक अक्षर सुटं, सरळ. निलेश बघत राहिला.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
मंजूर! काचेबद्दलचे माझे सगळे मुद्दे फेटाळले. जनेलांचे फेटाळले, रंगाचा फेटाळला, पार्किंगचा कोणी वाचलाच नाही. पण नववा एकमताने मंजूर. अध्यक्ष तर म्हणाले, कृष्णनाथबाब, पालिकेच्या हिताचं लिहिलंत. पालिकेच्या हिताचं कसं, ते तेव्हा नीट कळलं नाही, पण मोठ्या विचारात सगळ्यांचं हित असतं.

गौरेशही हसून हात मिळवून गेला. दिलदार पोरगा.

घरी येऊन शालिनीला म्हटलं, जिलेबी आण. ती म्हणाली डॉक्टरने काय सांगितलंय. अर्धी खाल्ली. फार दमल्यासारखं वाटतं हल्ली. काम झाल्यावर येतो तो थकवा.

५ मार्च, बुधवार
गिरणीच्या पट्ट्यावर पत्रे ठोकलेत. निळे. पूर्ण आठ मीटर. आत दोन कुंड्या आणि 'वेलकम प्लाझा' अशी पाटी. मला वाटलं, बांधकाम चालू झालं, सोपोसाठी जागा राखली. शिस्तीत चाललंय. पण कमलाक्षी दिसेना.

मासळी मार्केटच्या मागे, गटाराजवळ बाबली भेटली. तिला विचारलं. तिने आधी टोपली गटारापासून दूर ओढली. मग म्हणाली, पट्ट्याला सोपो लागला ना आता, ठेकेदाराने सगळा पट्टा एकदम हॉटेलला देऊन टाकला. मी म्हटलं, सोपो लागला म्हणजे? ती म्हणाली, असं काय मरे करता, तुमच्याच समितीने लावलाय म्हणतात.

सोपो. बाजारात बसणाऱ्यांकडून पालिकेचा ठेकेदार पावती फाडून घेतो तो कर. तोही सोपोच. लहानपणापासून ऐकतोय हा शब्द. मला का आठवला नाही, देव जाणे.

जेवलो नाही. शालिनीने विचारलं नाही.

६ मार्च, गुरुवार
निलेशला गाठलं. त्याने फाईल काढली. 'दर्शनी बाजूस, संपूर्ण रुंदी, सोपो.' खाली माझी सही. पुढे पट्ट्याला कर लागू, वसुलीचा ठेका, ठेकेदाराकडून पट्टा हॉटेलला, सगळं माझ्या त्या एका ओळीवरून नियमाप्रमाणे झालेलं. निलेश म्हणाला, सर, मी दोनदा विचारलं होतं. एकदाच विचारलं होतं खरं तर. पण वाद घातला नाही.

दुरुस्तीपत्र लिहायचं. सविस्तर, चित्रासह. उद्या.

११ मार्च, मंगळवार
दुरुस्तीपत्र दिलं. चित्र तीन तासांत झालं, वहीच्या पानावर. सोपो, त्यावर पाच बायका, टोपल्या. चांगलं उतरलं. निलेशने पत्र घेतलं आणि सांगितलं की समितीची मुदत फेब्रुवारीअखेर संपली, आता मी सदस्य नाही. तरी आवक शिक्का मारून दिला. माझं समाधान व्हावं म्हणून मारला, हे मला कळलं. ठेका वर्षाचा आहे, पुढच्या मार्चला बघू, म्हणाला.

कमलाक्षीकडे जाऊन सगळं समजावून सांगायचं. भाषेचा घोटाळा आहे, हेतू शुद्ध होता. मुद्दे काढून ठेवतो.

१६ मार्च, रविवार
सर्वणला गेलो नाही. ऊन फार.

२३ मार्च, रविवार. संध्याकाळी
गेलो. बसने.

कमलाक्षी तनयासोबत अंगणात मिरच्या निवडत होती. मार्केटच्या मागे दोन बुधवार बसली, पण मिरच्यांना मासळीचा वास लागतो म्हणून गिऱ्हाईक येईना. आता एक टेम्पोवाला दारातून भाजी उचलतो, देईल तो भाव. तनयाला साखळीला एका कपड्याच्या दुकानात लावलंय, रविवार सोडून दुपारनंतर. कॉलेज सकाळी करते. हे सगळं तिने मी विचारायच्या आधीच सांगितलं, रागावून नव्हे, निवडता निवडता.

मी मुद्दे काढले. बलकांव म्हणजे काय, दगडी बैठक, आपल्या घराची जुनी रीत, समितीची मुदत. चौथ्या मुद्द्यावर तिने हात थांबवला.

"त्या दिवशी तू सोपो म्हणालास, तेव्हा मला वाईट वाटलं रे, दादा. मग म्हटलं, भावाने लावलाय तर देऊ सोपो. जागा तर राहील." एक सडकी मिरची बाजूला टाकली. "बाजारात मी बसते. मला एकदा विचारायचं होतंस."

माझ्याकडे आणखी दहा मुद्दे होते. कागद खिशात ठेवला.  शेवटी मी पण मिरच्या निवडायला बसलो. तिने माझ्यासमोरचा ढीग उचलून नातीसमोर सरकवला, मी चांगल्याही टाकतोय म्हणून.

निघताना तांबड्या भाजीच्या दोन जुड्या दिल्या. घरी शालिनीने विचारलं, काय म्हणाली. म्हटलं, भाजी दिली.