चादरीखालचा बास

संस्कृती,

सोफ्यावरची चादर उचलू नकोस. आधी हे वाच.

चादरीखाली तुझा बास गिटार आहे. त्याच्या दांडीवरचे फ्रेट, त्या सगळ्या आडव्या पट्ट्या, तुझ्या दादानं पकडीनं उपटल्या. तूच म्हणाली होतीस ना, "दादा, भजनात सूर आवाजासारखा घसरत न्यावा वाटतो, ह्या पट्ट्या मधे येतात." दादाला वाटलं, स्वस्तातला बास, घरीच करू. लाकडाचे टवके उडाले. खाचांत फेव्हिकॉल आणि भुसा भरलाय. ओला आहे, बोट लावू नकोस.

उद्या नेकनूरला तुझा कार्यक्रम आहे, हे दादाला माहीत होतं.

आपला जुना बास तलवाड्याच्या बजरंगला विकला होता. तो एका दिवसासाठी मागायला निघालोय. फोनवर म्हणाला, "इकलेली म्हैस दूध काढायला परत मागतो व्हय बे?" तरी देईल. आईला एवढ्यात सांगू नकोस.

आणि दादानं, दादाला, काय लिहितोय मी. मीच उपटल्या. पहिला टवका उडाला तेव्हाच थांबायचं होतं. पण वरच्या चार पट्ट्या काढून तिथं तार वाजवून पाहिली. लई गोड घसरली गं. म्हणून बाकीच्याही काढल्या.