उत्तर उपलब्ध आहे

महदिया,
५ जुलै

प्रिय शाझली,

थोरल्या बहिणीचा सलाम. तुझ्या बायकोला आणि मुलांना आशीर्वाद.

तू पाठवलेला मक्रूदचा डबा पोचला. खजूर छान भरलाय. आमच्याकडे गोड खायची कुणाला इच्छा नव्हती, म्हणून शेजारी वाटला. निकालाच्या दिवसांत मिठाई आली म्हणजे पोरगी पास, असं धरून बायका दारात येऊन आनंदाने ओरडायला लागल्या. त्यांना गप्प करता करता माझी पुरेवाट झाली.

माझा गुडघा दुखतोच आहे. आईच्या कबरीला चुना लावून घेतला. मासळी यंदा बरी आहे.

बाकी, राजधानीतल्या त्या गणिताच्या निवासी शाळेत माझ्या उमैमाला जागा मिळाली नाही, हे तुला माझ्याआधी कळलं असणार. प्रवेश परीक्षेचा प्रमुखच तू. एका प्रश्नाने गेली पोरगी. 'ई'चा 'एक्स-वर्ग' घात, याचं संकलन करा. छापलेलं एवढंच. तू हाताने लिहिलेल्या पेपरात 'ई'च्या आधी एक 'एक्स' होता, हे मी शपथेवर सांगते. तुझं ते वळणदार अक्षर! टंकलेखकाला तो गुणाकाराची खूण वाटला आणि त्याने गाळला. 'एक्स' असेल तर प्रश्न कुणालाही येईल. नसेल तर त्याचं सूत्र जगात कुणाला मिळायचं नाही, कारण ते नाहीच. मीही पंचवीस वर्षं शाळेत गणितच शिकवतेय, तेव्हा मला गुंडाळू नकोस.

उमैमाने लिहिलं, 'याचं उत्तर आपल्याला माहीत असलेल्या कुठल्याच सूत्रात बसत नाही.' शून्य मिळालं. शेजारचं पोरगं शिकवणीत घोकलेलं, 'एक्स' असलेल्या प्रश्नाचं नेहमीचं उत्तर खरडून आलं, त्याला पैकीच्या पैकी. तो चाललाय राजधानीला.

तिला हे शिकवलं कुणी? मी नाही. गेल्या उन्हाळ्यात गच्चीवर कलिंगड खाताना तू बिया मांडून तिला वक्र काढून दाखवलास. म्हणालास, "ह्याच्या खालची जागा आहे, मोजताही येते, पण सूत्र शोधायला बसलीस तर म्हातारी होशील. सोपं दिसतं म्हणून फसायचं नाही. सरळ हात वर करायचे, त्यात लाज कसली?" आठवडाभर पोरगी गल्लीभर तेच सांगत सुटली होती.

आम्ही फेरतपासणीचा अर्ज केला. उत्तर आलं, 'प्रश्न निर्दोष आहे. उत्तर उपलब्ध आहे. गुण कायम.' खाली तुझी सही. सप्टेंबरात तुझी बढती आहे, ठाऊक आहे मला. चुकीचा पेपर काढणाऱ्याला वर कोण घेतो? फोनवर म्हणालास, "दलिला, एवढं काय त्यात? पुढच्या वर्षी बसव तिला." पुढच्या वर्षी तिचं वय बसत नाही, हे तुलाही माहीत होतं. मी ऐकून घेतलं. लहानपणी तुझ्या वाटचा मारही मीच खायची.

पण हे पत्र जागेसाठी नाही. जागा गेली. मघापासून टाळतेय ते वेगळंच आहे.

उमैमा ते गणित सोडवत बसलीय. रोज. जेवायला हाक मारली की "आले" म्हणते आणि येत नाही. मी म्हटलं, "अगं, तुझंच बरोबर होतं." तर म्हणते, "तू आई आहेस, तू म्हणणारच." शेजारच्या पोराचं उत्तर उलटं करून दाखवलं, एक 'एक्स' जास्तीचा येतो बघ. म्हणाली, "मग त्याचं चुकलंय. मामाकडे दुसरं उत्तर असेल. मामा खोटी सही कशाला करेल?"

उत्तर नाहीच, याची सिद्धता आमच्या शाळेच्या पलीकडची. मला मांडता येत नाही. तुला येते.

मला तुझा संताप आलाय, लपवत नाही. या उन्हाळ्यात इकडे येऊ नकोस, मला तुझं तोंड बघवणार नाही. बढती घे, सुखात राहा. फक्त पोरीला चार ओळी लिही की थांब, उत्तर नाहीये. ते पत्र मी कुणाला दाखवणार नाही. माझं ती ऐकत नाही रे. तुझं ऐकेल.

सोबत तिचा कागद जोडलाय. मी तुला लिहितेय हे कळल्यावर तिनेच आणून दिला. म्हणाली, "मामाला विचार, इथपर्यंत तरी बरोबर आहे का."

अजून तरी तुझी बहीण,
दलिला