हाताचा डबा, तोंडाचा डबा

रविवार. सकाळी पाणी भरलं, दूध तापवलं. फळीवरच्या बरण्या खाली काढून ओट्यावर मांडल्या. दुपारी वरणभात केला, थोडा उरला. चारच्या सुमारास खालच्या मजल्यावरची मुलगी येऊन गेली. त्यानंतर काही केलं नाही.

आप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायचा तर मला आधी तुमचा खोकला आठवावा लागतो. मग त्याच्या मागून बोलणं येतं. आज दिवसभर येतंय, म्हणून लिहायला बसले. तुम्ही असताना आपण दोघं फार बोललो असं काही नव्हतं. तुम्ही साकीनाक्याच्या वर्कशॉपमधून असल्फ्याची टेकडी चढून घरी यायचात आणि सरळ मोरीवर बसायचात. मी बाजूला तांब्या धरून उभी. तेवढंच आपलं.

ते मात्र मला जसंच्या तसं दिसतं. तुमच्या हातांच्या रेषांत काळं ग्रीस बसलेलं, कपाळाच्या आठ्यांत आणि नाकाच्या दोन्ही बाजूंनाही. साबणाने ते जात नाही. तुम्ही पत्र्याच्या डब्यातली साखर तळहातावर घेता, वर खोबरेल ओतता आणि हात चोळता. काळं पाणी मोरीत जातं. मग दुसरा डबा. त्यातली साखर तुम्ही रविवारी खलबत्त्यात कुटून, आईच्या जुन्या पातळाच्या तुकड्यातून गाळून ठेवलेली असते, बारीक रव्यासारखी. ती तोंडाला. तोंडावर तुम्ही हात असा फिरवता की जणू ते तोंड दुसऱ्या कुणाचं आहे. आई चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणते, "रेशनची साखर खावची काय तोंडाक फासूची?" आणि तुम्ही डोळे मिटूनच म्हणता, "चाय बिनसाखरेचो दी मग." तोंड धुऊन उठलात की गाल दिव्यासारखे चमकायचे.

तीच साखर, तेच खोबरेल मी आता काचेच्या बरण्यांत भरते. त्याला स्क्रब म्हणतात. नोकरीतून निवृत्त झाले, हे गेले, मुलुंडच्या ह्या फ्लॅटमध्ये मी एकटी राहिले. तेव्हा शेजारणीला एक बरणी करून दिली होती. तिने दुसरीला सांगितलं. आता सोसायटीतल्या बायका, त्यांच्या मुली, समोरच्या बिल्डिंगमधल्या, कुणी ना कुणी बेल वाजवतं. साखर मिक्सरमध्ये एकदाच फिरवायची, दोनदा फिरवली की पीठ होतं. बरण्या उन्हात कडक वाळवायच्या, पाण्याचा थेंब राहिला तर साखर विरघळून खाली पाक बसतो. झाकण सैल राहिलं तर मुंग्या. हे सगळं मी नीट करते. बारीक साखरेची बरणी तोंडासाठी, जाड दाण्याची टाचांसाठी. बरण्या सारख्याच, जॅमच्या, पत्र्याच्या झाकणाच्या. कुठली कुठली ते कळावं म्हणून वर कागदाची चिठ्ठी चिकटवते. आणि फळीवर डावीकडे तोंडाच्या, उजवीकडे टाचांच्या.

तेल झिरपतं, आप्पा. कितीही पुसलं तरी काचेला तेलाचा हात लागलेला असतो, आणि चिठ्ठी दोन दिवसांत सरकून गळून पडते. हे मला माहीत होतं. गुरुवारी मी फळी पुसायला काढली आणि बरण्या परत ठेवताना उजवं डावं झालं असणार.

शुक्रवारी संध्याकाळी खालची मुलगी आली. कॉलेज संपवून वर्षभर घरी आहे, उंच, बोलायला फटकळ. दारातूनच म्हणाली, "काकू, एक तोंडाचा द्या ना. रविवारी इंटरव्ह्यू आहे. अंधेरीला, एअरपोर्टजवळच्या हॉटेलात. केबिन क्रू."

"तिथे तोंड बघतात?"

"सगळं बघतात काकू. हात, दात, उंची, चालणं. तोंडावर कायपण दिसलं की टाटा बाय बाय."

मी डावीकडची बरणी काढून दिली. ओल्या तोंडावर, हलक्या हाताने, घासायचं नाही, फिरवायचं, डोळ्यांपाशी न्यायचं नाही. प्रत्येकीला सांगते ते सगळं सांगितलं. चिठ्ठी नव्हती हे मला दिसलं होतं. बरणी उघडून दोन बोटं बुडवली असती तर कळलं असतं. तिला घाई होती, मलाही गॅसवर काहीतरी होतं.

शनिवारी सकाळी तिची आई वर आली. बेल न वाजवता दार हाताने ठोकलं. "ताई, जरा खाली या. हिने तोंडाचं काय करून ठेवलंय बघा." मी गेले. मुलगी पंख्याखाली बसली होती, गालांवर ओला रुमाल. रुमाल काढला तर दोन्ही गाल सोलल्यासारखे लाल, डाव्या गालावर बारीक ओरखडे, एका ठिकाणी लस आलेली. आई बोलतच होती. "मोबाइलवर कुणीतरी बाई सांगते लिंबू लावा, सोडा लावा, ही लावते. वर्षभर क्लासला घातलं, चालायला शिकवलं, इंग्लिश शिकवलं, आणि आदल्या दिवशी वाट लावून ठेवली. ह्या तोंडावर मेकअप तरी बसेल का सांगा ना ताई तुम्हीच." मुलगी खाली बघत होती. म्हणाली, "मम्मी, बस ना." आईने तिच्या पाठीत एक चापट मारली. जोराची नव्हती, पण मारली.

मी हात धुवायच्या निमित्ताने बाथरूममध्ये गेले. आरशाखाली माझी बरणी होती. झाकण काढून दोन बोटांत घेऊन बघितलं. जाड दाणे. टाचांचं.

आप्पा, मी बाहेर आले आणि म्हणाले, गार पाण्याचीच पट्टी ठेवा, दुसरं काही लावू नका, डॉक्टरांना दाखवा. एवढं बोलून जिना चढून वर आले. खुर्चीवर बसले तर खालून तिच्या आईचा आवाज येतच होता, मध्येच भांडं आपटल्याचा आवाज. मुलीचा आवाज येत नव्हता. पट्टी ठेवली असेल म्हणून बोलत नसेल, असं मी मनात म्हटलं.

तेव्हा मला तो आपला दिवस आठवला. तुम्हाला आठवत असेल की नाही कोण जाणे. मी पाचवीत होते. शाळेच्या गॅदरिंगमध्ये पुढच्या रांगेत उभी राहणार होते, आणि तुमच्यासारखे गाल चमकावेत असं मला वाटलं. तुम्ही कामावर, आई नळावर. मी मोरीवर बसून डबा उघडला आणि तुम्ही हात चोळायचात तसं तोंड चोळलं, कारण जोर लावल्याशिवाय काही होत नाही असं मला वाटायचं. संध्याकाळपर्यंत गाल पेटले होते. आई येरझाऱ्या घालत बोलत होती, "चेडवाक अक्कल नाय. सगळ्यांत पुढे उभी राहतली आणि तोंड बघा, माकडाचा." तुम्ही आलात. त्या दिवशी मोरीवर बसला नाहीत. ग्रीसचे हात तसेच मागे धरून माझ्यासमोर वाकलात आणि बघत राहिलात. मला वाटलं आता मार बसणार. तुम्ही आईला म्हणालात, "तिका बोला नको. डबे सारखे मी ठेवलंय."

दुसऱ्या दिवशी दोन्ही डबे कामावर घेऊन गेलात. आलात तेव्हा एका डब्याच्या झाकणावर पंचाने, लोखंडावर खूण करायच्या टोकदार हत्याराने, मारलेले दोन बारीक खड्डे होते, शेजारी शेजारी. माझं बोट धरून त्यावर फिरवलंत. "डोळे मीट. काय लागता?"

"दोन खड्डे."

"मग हो डबो हाताचो. तोंडाक लावूचो नाय. डोळ्यांत साबण ग्येलो, काळोख पडलो, तरी बोटाक कळता."

मी गॅदरिंगला मागच्या रांगेत उभी राहिले. तुम्ही सुट्टी घेऊन आला होतात. बाकीचे वडील बाकांवर बसले होते, तुम्ही भिंतीला टेकून, हात खिशात.

शनिवारी दुपारी मी पुन्हा खाली गेले. जेवायची वेळ झाली होती, त्यांच्या ताटांत काही वाढलेलं नव्हतं. मुलीची आई म्हणाली, डॉक्टर म्हणाले मेकअप अजिबात नको, साधं क्रीम तेवढं लावा, चार-पाच दिवस तरी जातील. मी उभ्या उभ्याच सांगितलं. म्हटलं, तिने मोबाइलवरचं काही लावलं नाही. बरणी माझी आहे, टाचांची. मी चुकीची दिली. तिला बोलू नका.

तिची आई म्हणाली, "म्हणजे मी सकाळपासून हिला बडवतेय, आणि तुम्ही मघाशी इथे येऊन बघून गेलात?"

"हो."

"तेव्हा का नाही बोललात?"

मुलगी रुमालाआडून म्हणाली, "मम्मी, मला कळलं होतं ते जाड आहे. मला वाटलं जाड म्हणजे जास्त स्ट्राँग असेल. मीच दाबून घासलं." तिच्या आईने तिच्याकडे बघितलं नाही. मला म्हणाली, "उद्या तिथून हिला परत पाठवली तर मी काय करू, ताई? तुमच्या भरवशावर घेतलं होतं." मग स्वयंपाकघरात गेली आणि कुकरची शिटी काढून परत लावली, नुसतीच. बस म्हणणारं कोणी नव्हतं. मी वर आले.

आज सकाळी खिडकीतून दोघी रिक्षात बसताना दिसल्या. मुलीने केस घट्ट बांधले होते, तोंड उघडं, पावडरचा हातही नाही. लाली एवढ्या वरूनसुद्धा दिसत होती. आईने ओढणीने तिच्या बाजूचं ऊन अडवलं होतं. त्यानंतर मी बरण्या खाली काढल्या, उघडल्या, प्रत्येकीत बोट घालून बघितलं आणि दोन वेगळ्या रांगा केल्या. डावीकडच्यांत आणखी एक जाड निघाली. ती कुणाकडे गेली असती कोण जाणे.

चारला बेल वाजली. मुलगी एकटीच होती, इंटरव्ह्यूचेच कपडे, पायात स्लिपर. हातात माझी बरणी. मी विचारायच्या आधीच म्हणाली, "पहिल्या राउंडला थांबवलं काकू. मॅडम चांगली होती. म्हणाली, स्किन सेटल झाली की पुढच्या वेळी ये."

"मग पुढच्या वेळी जा."

"त्या सगळ्यांनाच असं सांगतात." ती आत येऊन ओट्यावरच्या बरण्यांकडे बघत राहिली. "एवढ्या सगळ्या का काढल्या?" मी सांगितलं. तिने मान हलवली. मग हातातली बरणी पुढे केली. "हे मी टाचांनाच लावू ना आता? हील घालून वाट लागली पायांची." मी म्हटलं, लाव. ती म्हणाली, "मम्मी दोन दिवस बोलणार नाही तुमच्याशी. तिचं असंच असतं. तुम्ही समोरून जाऊ नका, ती येईल." दारात थांबून म्हणाली, "ती सोसायटीच्या ग्रुपवर टाकणार होती. मी फोन घेतला तिचा." आणि खाली गेली.

आप्पा, हे कुणाला सांगितलेलं नाही, तुम्हाला सांगते. शनिवारी तिच्या बाथरूममध्ये दाणे बोटाला लागले तेव्हा माझ्या मनात पहिला विचार मुलीच्या गालाचा आला नाही. सोसायटीत हे कळलं तर कुणी बेल वाजवणार नाही, हा आला. बरण्यांचे पैसे साखरेपुरतेच घेते, ते काही नाही. कुणीतरी दारात उभं राहून म्हणतं, काकू, एक द्या ना. ते बंद होईल म्हणून मी घाबरले आणि दुपारपर्यंत त्या मुलीला बोलणी खाऊ दिली. ती मुलगी आजही वर आली. तिच्या आईच्या येण्याचं मला माहीत नाही. दोन दिवसांत, चार दिवसांत, की नाहीच.

हा कागद कुठे पाठवायचा नाहीच. पिठाच्या डब्याखाली ठेवीन.

पंच माझ्याकडे नाही. ह्यांच्या हत्यारांच्या पिशवीत हातोडी सापडली आणि एक जाड खिळा, त्याचं टोक मी फरशीवर घासून बोथट केलंय. जाड साखरेच्या बरण्यांची झाकणं काढून पाटावर उलटी नाही, सुलटी ठेवली. पहिल्या झाकणातून खिळा आरपार गेला. तुम्ही पत्रा न फाडता कसे मारायचात ते मी कधी बघितलं नाही, तुम्ही ते कामावर करून आणलं होतं. ते झाकण बाजूला टाकलं. दुसऱ्यावर हळू मारलं. डोळे मिटून बोट फिरवलं तर एकच खड्डा लागला, दुसरा नुसता रंग उडालेला. पाटावर झाकण सरळ केलं आणि खिळा पुन्हा त्याच जागी धरला.