तुतीवर घातलेला आळ

या अली मदद
रुशान, ११ जुलै १९९९

चि. दौलतकदम यास आईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आम्ही सगळे खुशाल. तुझी सौसन अडीच वर्षांची झाली, पण जीभ सासूसारखी चालते. काल मला म्हणाली की आजी, तुला दात नाहीत, तुझ्या वाटणीच्या तुती मीच खाते. अंगणातलं झाड यंदा वाकलंय नुसतं. पोरीचे ओठ, हात, फ्रॉक, सगळं जांभळं. परवा तिच्या शी-मध्येही काळपट लाल दिसलं, तर तुझी बायको ओयबेगिम रडायलाच लागली. मी तिला म्हटलं, अगं वेडे, खाईल तेच बाहेर येणार ना! सुनेला सगळ्याचीच भीती.

तिकडे मॉस्कोत उंचावर गिलावा करतोस, दोरी नीट बांधत जा. पत्र नेणारा ट्रकवाला थांबलाय, म्हणून पुरे करते. आईची आठवण असू दे.
तुझी आई, नेकबख्त

या अली मदद
मॉस्को, २ ऑगस्ट

ती. आईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल मिळालं आणि आजच ओयबेगिमचा भाऊ इथे कामाला आला. तो म्हणतो, सौसन कागदासारखी पांढरी झालीय, तिच्या पोटातून रक्त जातंय. आणि तू मला तुतीचे विनोद लिहितेस?

आई, मला निघता येत नाही. पासपोर्ट मुकादमाकडे आहे, तो हंगाम संपेपर्यंत देणार नाही. चार दिवस आगगाडीचे, पुढे घाट, आणि मी इथे बाराव्या मजल्यावर भिंती गुळगुळीत करतोय. तिला तुती तू भरवल्यास. ते झाड तोडून टाक. माझ्या पोरीच्या दृष्टीस ते पुन्हा पडता कामा नये.

रागात लिहिलं आहे. तरी तोडच.
दौलतकदम

या अली मदद
रुशान, १९ ऑगस्ट

चि. दौलतकदम यास आशीर्वाद. वि. वि.

तुझं काहीच पत्र नाही. सौसनला खोरोगच्या इस्पितळात ठेवलंय. ओयबेगिम तिच्यापाशी आहे, मी अंथरूण न्यायला एका दिवसापुरती आलेय. महिना झाला, तिला एक तुती दिली नाही, तरी रक्त जातंच आहे. दुखतं म्हणशील तर काहीच नाही. खेळता खेळता एकदम खाली बसते आणि डोळे मिटते. दोनदा रक्त चढवलं, एकदा सुनेचं, एकदा नर्सबाईचं. माझं म्हातारीचं घेत नाहीत.

डॉक्टरीण शोइस्ताबाई म्हणतात, आतलं दाखवणारं यंत्र इथे नाही, पोट उघडूनच बघावं लागेल. परवा उघडणार. मला काही सुचत नाही रे. इतकी वर्षं घर चालवलं, आता नुसती दाराशी बसून असते. तिकडून दुवा कर.
तुझी आई

या अली मदद
मॉस्को, ८ सप्टेंबर

ती. आईस सा. न. वि. वि.

तुझं १९ तारखेचं आज मिळालं. तो परवाचा दिवस कधीच होऊन गेला. माझी मुलगी आहे का नाही, एवढंही मला ठाऊक नाही. उठतो, गिलावा करतो, गावाकडचा कुणी दिसला की धावतो.

महिनाभर तुती दिली नाहीस तरी रक्त जातंय, म्हणजे झाडाचा काय दोष? उपासमारीच्या वर्षी त्याच झाडाच्या वाळल्या तुतींच्या पिठावर आपण जगलो. आई, त्याला हात लावू नकोस. मी जे लिहिलं ते विसर. फक्त एक ओळ पाठव.
तुझा दौलतकदम

या अली मदद
रुशान, २७ सप्टेंबर

चि. दौलतकदम यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

पोर आहे. घरी आली, कोंबड्यांमागे पळते. आधी हे वाच, मग बाकीचं. महिनाभर तिच्यापाशी इस्पितळातच होते, म्हणून लवकर कळवता आलं नाही.

शोइस्ताबाईंनी मला नीट समजावलं. तिच्या आतड्याला जन्मापासूनच एक बोटाएवढी थैली होती. सगळ्यांची ती आईच्या पोटात असतानाच नाहीशी होते, हिची राहिली. आणि त्या थैलीत चक्क जठराचं अस्तर वाढलेलं. ते बिचारं आपलं आम्ल पाझरवत होतं, त्याला काय कळतंय आपण कुठं आहोत. शेजारचं आतडं त्याने जळलं, जखम झाली, तिथून रक्त. बाईंनी पोट उघडून ती थैलीच कापून काढली. बाई म्हणाल्या, कुणी काही भरवून हे होत नाही, आजी. मी त्यांच्याकडून ते तीनदा वदवून घेतलं.

तुझं पहिलं पत्र १९ तारखेलाच आलं, माझं ट्रकवाल्याच्या हाती दिल्यावर. वाचलं आणि शेजाऱ्याची कुऱ्हाड आणली. वाटलं, पोरगा म्हणतो म्हणजे खरंच असेल, आणि झाडाच्या बदल्यात पोर राहत असेल तर राहू दे. तुझ्या वडिलांनी लावलेलं. दुपारपर्यंत पडलं. दोन दिवसांनी बाईंनी हे सांगितलं. तुझं दुसरं पत्र काल आलं.

मी रागावले नाही. इतक्या लांबून तू दुसरं काय करणार होतास? बुंध्याला फुटवा येतो म्हणतात. फळ धरेपर्यंत मी असेन असं नाही.

बाईंनी सांगितलंय, आता हवं ते खाऊ द्या. सौसनने तुतीच मागितली. गेल्या साली वाळवलेली एक पिशवी तुझ्यासाठी ठेवली होती, त्यातली रोज मूठभर तिला देते. चालेल ना रे? नाही म्हणायचं असेल तर या वेळी येऊन सांग.

तुझी आई, नेकबख्त