पाच घरांचं पाणी

प्रिय माय,

तुला जाऊन दोन पावसाळे झाले. लिहायचं आजच का सुचलं? कारण आज मी एका पोरीला वर्गाच्या दाराबाहेर उभं केलं.

सोनू तिचं नाव. इथं पाटोद्याच्या मुलींच्या शाळेत ती रोज उशिरा येते. आज मी चिडले, “घरी झोपा काढतेस का गं?” ती खाली मान घालून म्हणाली, “बाई, आडावर लई बाया होत्या. माझा लंबरच लागला न्हाई लवकर.” तिच्या हातात घागरीखालची चुंबळ होती, अजून ओली. ती बघितली आणि मला आपलं चकलांबा आठवलं.

आपल्या गावात मुलींचा वर्ग निघाला तेव्हा आम्ही तिघीच होतो. तालुक्याचे साहेब बजावून गेले, पुढच्या मुआयन्याला, म्हणजे तपासणीला, आठ पोरी दिसल्या नाहीत तर वर्ग बंद! मास्तर घरोघर हात जोडत फिरले. शेवटी आपल्या ओट्यावर टेकले आणि म्हणाले, “पोरींना आवडच नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?”

तू भाकरी थापता थापता हसलीस. “मास्तर, पोरी आडावर हायेत, म्हून साळंत न्हाईत. आड ओढ्याच्या पल्याड. पाणी कोन भरंल?”

दुसऱ्या दिवशी तू पाच घरी जाऊन सांगून आलीस, “पोरगी साळंत धाडा, तिच्या वाटचं पाणी मी आनते.” बाया तुला हसल्या. “येडी झाली का गं? काहून करतीस हे?” तू सरळ घागर उचललीस.

मुआयन्याला आठ पोरी बसल्या! वर्ग टिकला. सगळ्यांच्या आया ओसरीशी उभ्या होत्या, फक्त माझी नव्हती. वाचताना मी तीनदा दाराकडे बघितलं. दोन दिवस तुझ्याशी अबोला धरला. तू एवढंच म्हणालीस, “काम व्हतं, बाई.”

काय काम होतं, ते आज कळलं गं! त्या दिवशीही पाच घरं होतीच. तू खेपा घालत होतीस म्हणून तर त्या पोरी माझ्या शेजारी बसल्या होत्या. का सांगितलं नाहीस तेव्हा? मी तरी कुठं विचारलं! बाया पाणी भरतातच, त्यात काय, असं वाटायचं मला.

माय, मी थक्क झाले आहे. साहेबांना, मास्तरांना, शिकून बाई झालेल्या मला जे दिसलं नाही, ते पाटीला कधी हात न लावलेल्या तुला कसं दिसलं?

सोनूला मी आत घेतलं. उद्यापासून शाळेआधी तिच्या घरच्या दोन खेपा माझ्या. आणि मुआयन्याच्या दिवशी कोणाची आई आली नाही, तर मी रुसणार नाही. आधी आडाकडे बघेन.

तुझी अबोला धरलेली,
गोदा