गेटवरचं यंत्र बंद आहे

४ फेब्रुवारी

आलो एकदाचे! किरणोत्सर्गी कचऱ्याच्या साठवण केंद्रात सुरक्षा अधिकारी म्हणून आज रुजू झालो. क्वार्टर ऐसपैस, खिडकीत ऊन, नळाला पाणी. बायको खूश. सात वर्षांच्या आमच्या छकुलीने पलंगावर उड्या मारून घर पास केलं. मॅनेजर स्वतः भेटून गेला. शर्टाची इस्त्री अशी कडक, की माणूस वाकला तर मोडेल. मनातल्या मनात मी त्याचं नावच ‘इस्त्री’ ठेवून टाकलं.

६ फेब्रुवारी

इथली सुरक्षा म्हणजे शुद्ध तमाशा. अंगावर किती किरणं पडली ते कळावं म्हणून कामगारांनी छातीवर बिल्ला लावायचा असतो. इथे सगळे बिल्ले ऑफिसच्या कपाटात ओळीने झोपलेले. महिनाअखेरीस तपासायला जातात, सगळे निर्मळ! कपाटाची तब्येत उत्तम आहे एकूण. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला तपासणारं गेटवरचं यंत्र तर दोन महिने बंद. का, तर सारखं वाजायचं आणि बस सुटायला उशीर व्हायचा. हे सांगताना इस्त्रीला हसूही आलं नाही. मी खरमरीत पत्र दिलं. त्याने त्यावर चहाचा कप ठेवला.

१२ फेब्रुवारी

कामगारही काही कमी नाहीत. फोर्कलिफ्ट चालवणारे एक आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. लंगडत फिरतात. मांडीला भाजलंय, पण कशाने ते म्हणे ठाऊक नाही. कामचुकारपणाला कारणं काय कमी! केंद्राचा डॉक्टर तर थोरच. डोकं दुखो की पाय मुरगळो, मलम एकच.

२० फेब्रुवारी

डॉक्टर मामांची पट्टी बदलत असताना जखम पाहिली. आगीने असं भाजत नाही. दार लावून खोदखोदून विचारलं. जानेवारीत एका जुन्या पिंपाचं झाकण गंजून निघालं होतं. आत बोटाएवढी चकचकीत नळी. मासे धरायच्या गळाला वजन म्हणून बरी, असं वाटून मामांनी ती पँटच्या खिशात टाकली. घराकडच्या पायवाटेवर कुठेतरी पडली असणार म्हणाले.

“एवढीशी तर होती हो, साहेब.”

गेटवरचं यंत्र चालू असतं तर बोंब ठोकली असती त्याने. आणि मी या माणसाला कामचुकार म्हणालो होतो.

२१ फेब्रुवारी

वर ताबडतोब कळवा, सगळं थांबवा, असं इस्त्रीला सांगितलं. तो म्हणाला, सोमवारी तपासणी पथक येतंय, ते जाऊ दे. थुंकावंसं वाटलं. दिवसभर किरणं मोजायचं मीटर घेऊन एकटाच पायवाट पालथी घातली. काही नाही.

छकुली शाळेतून आली ती ओकतच.

२२ फेब्रुवारी

मामांना आज आठवलं. बसमधून उतरतानाच खिसा रिकामा होता. बस कामगारांना सोडते आणि मग तीच मुलांना शाळेत नेते. मुलं चढायच्या आत गाठली. मीटर पायरीवरच किंचाळलं. मागचं सीट, गादीची फट. लांब चिमट्याने नळी काढली, शिशाच्या डब्यात टाकली. मग घरी धावलो.

छकुली बसमध्ये कुठे बसते? बायको म्हणाली, मागे. नेहमी मागेच. तिथे जास्त उसळायला होतं म्हणून—

मांडीच्या मागे लाल चट्टा. बायकोला वाटलं, काहीतरी चावलं.

२३ फेब्रुवारी

डॉक्टरने मलम दिलं. तेच.

दुपारी इस्त्री घरी आला. मोठ्या इस्पितळात सोय, खर्च केंद्राचा, सकाळी गाडी दारात. फक्त एक सही. कागदावर लिहिलेलं: मीटर बिघडलेलं होतं, बसमध्ये काही सापडलं नाही. कागद तोंडावर फेकणार होतो, पण उशीवर छकुलीचे केस— इतके—

सही केली.

आता नावं कुणाला ठेवू?

२४ फेब्रुवारी

गाडी आली. बायको छकुलीला मांडीवर घेऊन आत बसली आहे. पलीकडे पथकाच्या गाड्या गेटमधून आत जाताहेत. इस्त्री हात जोडून उभा.

शेजारच्या वहिनी मुलाचा हात धरून धावत आल्या. रात्रभर ओकतोय म्हणाल्या. बसमध्ये चौदा मुलं असतात. चौदा.

“भाऊजी, तुम्हाला यातलं कळतं. याचं नुसतं पोटच बिघडलंय ना?”

पोराच्या पायांकडे मी बघितलं नाही. वही काढली, घाईत काही लिहितोय असं दाखवतोय. त्या अजून उभ्याच आहेत. ड्रायव्हर हॉर्न देतोय. वर बघायलाच हवं. सांगतो त्यांना, वहिनी, हे—