धाकटीचं हक्कसोडपत्र

बाबा, धाकटीच्या घरावर दावा आला. तारकर्लीचं ते घर तिला ज्याने विकलं, त्याची मुंबईची बहीण इतक्या वर्षांनी उगवली आणि म्हणाली, बापाच्या घरात माझाही वाटा आहे, मी कुठे सही केली? तिची सही असलेलं हक्कसोडपत्र तुम्हीच मिळवलं होतं आणि धाकटीकडे वाळवी म्हणून माझ्या ट्रंकेत ठेवलं होतं. धाकटीला एवढंच आठवत होतं की कसलासा कागद होता. ती माझ्या पायरीवर बसून विचारायची, "अक्का, बाबांनी तुझ्याकडे कागद ठेवल्यानी काय गो?" मी म्हणायचे, "बघतंय."

रजिस्टर कचेरीसमोर बदामाच्या झाडाखाली तुमचं मेज असायचं. अर्ध्या तालुक्याची खरेदीखतं तुमच्या हातची. येणाऱ्याला तुमचं पहिलं वाक्य ठरलेलं, "घर घेवचा तर घरवाल्याक नको, त्याच्या भयणींक इचार." मुलींना वाटा देणारा कायदा तेव्हा नवा होता, लोक हसायचे. धाकटीच्या वेळी मात्र तुम्ही नुसतं बोलून थांबला नाहीत. होडीत बसलात तरी तुम्हाला मळमळायचं, आणि तुम्ही आगबोटीने मुंबईला गेलात, त्या बाईला शोधून काढलंत आणि तिथल्याच कचेरीत तिची हक्कसोड नोंदवून घेतलीत. परत आलात तेव्हा तोंड पिवळं पडलेलं. पेजेची वाटी मीच तुमच्यापुढे ठेवली. तुम्ही म्हणालात, "चेडवाचा काम झाला." मीही तुमची लेक, तुमचं चेडूच होते, बाबा. माझा नुसता जळफळाट झाला.

दोन वर्षांनी आम्ही घर बघितलं, तुमच्या मेजापासून तीन गल्ल्यांवर. त्याच्या खरेदीचा कागद घेऊन तुमच्याकडे आले तर तुम्ही सुपारी कातरत होता. वर न बघता म्हणालात, "तुका काय सांगूचा? तू मास्तरीण, वाचूक येता तुका." मग मी वाचला, तीनदा वाचला. चतुःसीमा, विहीर, येण्याजाण्याची वाट, सगळं होतं. घरामागच्या परड्यातले अकरा माड तेवढे कागदात नव्हते, आणि ते वेगळे लिहावे लागतात हे माझ्या ध्यानातच आलं नाही. घर घेतल्यावर नारळ उतरवायच्या पहिल्याच पाडपाला घर विकणाऱ्याची आत्या माडावर चढणारा गडी घेऊन हजर. "जागा तुमची गो, माड माझे." तिच्या बापाने ते तिला कधीच लिहून दिले होते. दस्त लिहिणाऱ्याची लेक आणि एवढं विचारू नये? तुम्ही तर ऐकून पोट धरून हसलात. आजही माझ्या डोक्यावर अकरा माड आहेत आणि कालवणाला नारळ मी बाजारातून आणते. धाकटी सणाला तिच्या परड्यातले नारळ मला पाठवते, ते तर घशाखाली उतरत नाहीत.

काल मी तिला कागद दिला. वकील म्हणाले, आता दावा टिकत नाही. ती माझ्या गळ्यात पडून रडली. म्हणाली, अक्का, तू होतीस म्हणून घर राहिलं.

हे तुम्हाला समोर सांगायची माझी छाती झाली नसती, आणि आता पाठवायचं तरी कुठे? ती पहिल्यांदा आली त्याच दुपारी मी ट्रंक उघडून बघितली होती. कागद जागेवर होता. त्यानंतर आठ दिवस ती रोज उन्हातून चालत आली, आणि ते आठ दिवस, बाबा, मला फार बरं वाटलं.